ओवीची नोंद आणि ओवी गाणारीचे नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत विदा (डेटा), कला आणि संस्कृती यांच्या मेळातून घडणाऱ्या नव्या कलेविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी आवडीने वाचला. आकडेवारी ही केवळ अहवालात आणि अंदाजपत्रकात बांधून ठेवायची वस्तू नसून तिच्यातून चित्रकाराला, कवीला, संगीतकाराला काही सुचू शकते, हे एका मराठी वृत्तपत्राने सविस्तर सांगावे, याचा आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारखीला विशेष आनंद झाला. लेखातील उदाहरणे मात्र सगळी न्यूयॉर्क, लंडन आणि टोकियो येथली होती. परदेशी उदाहरणांना माझी हरकत नाही. त्यांतली एकदोन मीही पुढे घेणार आहे. पण या विषयात जगाने पाहावे असे एक काम महाराष्ट्रात, तेही मुळशी-मावळच्या डोंगरातल्या बायकांच्या तोंडून सुरू झालेले असताना त्याचा साधा उल्लेखही लेखात नसावा, हे खटकले म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्या कामाच्या निमित्ताने एक तक्रारही मांडायची आहे, आणि ती आपल्या लेखकाविरुद्ध नसून आपणा सर्वांच्याच एका सवयीविरुद्ध आहे.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच, पण पुढे भारताचे नागरिक होऊन इथेच राहिलेले गी पॉइटवाँ या पुण्यातील दोन अभ्यासकांनी १९८० च्या दशकात गरीब डोंगरी संघटनेच्या कामाच्या ओघात खेड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टिपून घ्यायला सुरुवात केली. कोळवडे, नांदगाव अशा मुळशीच्या गावांतून निघालेले हे काम वाढत वाढत महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत गेले. आज त्या संग्रहात ११०७ गावांतील ३३०२ गायिकांच्या मिळून एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. संगणकीय संगीतशास्त्राचे अभ्यासक बर्नार्ड बेल १९९० च्या दशकात या कामात आले, त्यांनी ओव्यांचा संगणकीय साठा रचला आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. हे साहित्य गुरुग्राम येथील लोकसंगीताच्या अभिलेखागारात आणि तिथून फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील भाषा-भांडारात गेले. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. त्यानंतर हा सारा ठेवा ग्रामीण भारताच्या जीवनाची नोंद ठेवणाऱ्या 'पारी' या संकेतस्थळाने हाती घेतला आणि २०१७ पासून नमिता वाईकर यांच्या पुढाकाराने तो लेख, चित्रफिती, छायाचित्रे आणि इंग्रजी भाषांतरांसह लोकांसमोर येऊ लागला. आशा ओगले यांनी केलेली भाषांतरे, रजनी खळदकर यांनी केलेली नोंदणी आणि जितेंद्र मैड यांची गावोगावची भटकंती यांच्याशिवाय हे झाले नसते.

ओव्या जमवण्याचे काम आपल्याकडे नवे नाही. साने गुरुजींनी ते केले, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड काढले, दुर्गाबाई भागवत आणि ताराबाई भवाळकर यांनी त्या साहित्याकडे कसे पाहावे हे दोन पिढ्यांना शिकवले. तरीही या संग्रहात जे आहे ते पूर्वीच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही, आणि ते म्हणजे प्रत्येक ओवीमागे तिची पूर्ण नोंद. ती नोंद कशी दिसते हे थोडे तपशिलाने सांगते, कारण माझे सारे म्हणणे तिच्यावरच उभे आहे.

संग्रहातली कुठलीही एक ओवी उघडावी. वर तिचा क्रमांक असतो. शेजारी गाणारीचे नाव, आधी आडनाव आणि मग नाव, हजेरीपटावर असते तसे. त्याखाली गाव. ध्वनिमुद्रण झालेले असेल तर कोणत्या फितीवर, कितव्या मिनिटाला ही ओवी सुरू होते तेही दिलेले असते. मग देवनागरीत ओवी, आणि ती जशी गायली तशीच लिहिलेली: 'अरण्य' असे शुद्ध करून न घेता 'अरुण्या', 'पंढरपूर' जिथे 'पंढरी' झाले तिथे पंढरी. त्याखाली रोमन लिपीत तीच ओवी, आणि काही ठिकाणी शब्दाखाली शब्द ठेवून यंत्राने लावलेले इंग्रजी अर्थ. यंत्राच्या कोशात जो शब्द नव्हता तो त्या ओळीत कंसात जसाच्या तसा देवनागरीत राहिला आहे. मला या ओळी वाचायला फार आवडतात. दोनचार इंग्रजी शब्द, मग कंसातली एखादी 'वनामधी', पुन्हा इंग्रजी, पुन्हा कंसात बोलीतला एखादा शब्द. यंत्राला कुठे थांबावे लागले हे त्या ओळीवर स्पष्ट दिसते. अर्थ लागला नाही म्हणून कुणी तो शब्द काढून टाकला नाही, यासाठी त्या संग्राहकांना माझ्यातली शिक्षिका पैकीच्या पैकी गुण देईल.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे वर्गवारी. एक लाख ओव्या एका ढिगात ठेवल्या तर त्यांचा उपयोग शून्य, हे कोणीही सांगेल. पण त्या कशा लावायच्या हे ठरवणे फार अवघड. सणावारांनुसार लावता आल्या असत्या, जिल्ह्यांनुसार लावता आल्या असत्या. हेमाताई आणि पॉइटवाँ यांनी त्या अर्थानुसार लावल्या. सीता, बाईच्या जन्माची आणि कष्टांची खंत, पंढरीची वाट, आई आणि लेक, बहीण आणि भाऊ, सासरची माणसे, बाबासाहेब आंबेडकर असे विभाग, त्यांत पोटविभाग, त्यांतही उपविभाग. आता भावाने माहेरी न्यायला यावे म्हणून वाट पाहणारी बाई त्याच ओवीत सासूचा जाच सांगत असेल, तर ती ओवी कोणत्या कप्प्यात घालायची? हा प्रश्न कारकुनीचा नाही. तो सोडवणारा माणूस त्या ओवीचा अर्थ लावत असतो, एक प्रकारे समीक्षाच करत असतो, आणि त्याने कप्पा बदलला की तीच ओवी निराळी ऐकू येते. विदेतून कलेला प्रेरणा मिळते असे आपल्या लेखकाने म्हटले आहे. मी त्यात एवढीच भर घालीन की नीट केलेली विदा ही स्वतःच अर्ध्या वाटेपर्यंत कलेच्या दिशेने आलेली असते.

या नोंदीमुळे काय साधते, याचे एक उदाहरण देते. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई आंबोरे यांनी गायलेल्या ओव्या १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत अरण्यात एकटी पडलेली सीता रडते आहे आणि तिची समजूत घालायला कोण आहे, तर बोरी आणि बाभळी. या काटेरी झाडांनाच गंगूबाई सीतेच्या सयाबाया करतात. ही कल्पना कुणा कवीला सुचली असती तर तिच्यावर प्रबंध झाले असते. वाल्मीकींच्या अरण्यात फुललेले वृक्ष आहेत, वेली आहेत; इथे मात्र बांधावर आपोआप उगवणारी, कुणी मुद्दाम न लावलेली, सरपणाला आणि कुंपणाला तोडली जाणारी झाडे सीतेजवळ येऊन उभी राहतात. आता ही ओवी 'महाराष्ट्रातील लोकगीत' म्हणून वाचली तरी सुंदरच वाटेल. पण ती मराठवाड्यातल्या ताडकळसच्या बाईने म्हटली आहे हे कळले, की ती झाडे कुठली हे कळते, ती माती डोळ्यांपुढे येते, आणि त्या एका नावाच्या धाग्याने त्याच बाईच्या इतर ओव्यांपर्यंत, तिथून सीतेच्या त्याच कप्प्यातल्या मुळशीच्या किंवा बीडच्या बाईपर्यंत जाता येते. एका गावची सीता रडते, दुसऱ्या गावची रामाला बोल लावते, तिसऱ्या गावची लवकुशांना आंघोळ घालते. संख्याशास्त्रात आम्ही ज्याला विचरण म्हणतो, म्हणजे सरासरीपासून प्रत्येक नोंदीचे दूर असणे, त्याचा याहून देखणा नमुना मी वर्गात कधी दाखवू शकले नाही. चित्रकाराला, नाटककाराला, संगीतकाराला खाद्य मिळते ते या फरकांतून. सरासरी सीता कुणाच्याच कामाची नाही.

कोणी असे समजू नये की मी जात्याच्या आठवणीने गहिवरले आहे. पहाटे चारला उठून पायली-दोन पायली दळणारी बाई हौसेने गात नव्हती. हात भरून येत, त्याचा विसर पडावा म्हणून गात होती. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ओवी मागे पडली आणि बाईचा जीव वाचला, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या, आणि ज्यांनी खरोखर दळले आहे त्यांतली एकही बाई जाते परत आणा असे म्हणणार नाही. आता ते लग्नघरी हळद दळण्यापुरते पुजले जाते, तेवढे पुष्कळ आहे. गेलेल्या कामाची पोकळ पूजा नको. त्या कामात जे बोलले गेले त्याची नोंद मात्र हवी.

आता तक्रारीकडे येते. काही महिन्यांपूर्वी एका कलादालनात अशाच एका प्रयोगाचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला. अंधाऱ्या खोलीत तिन्ही भिंतींवर ओव्यांचे शब्द तरंगत होते. दुःखाचे शब्द निळे, भक्तीचे केशरी, मायेचे हिरवे, आणि संगणक त्या शब्दांची मोजदाद करून भिंतीचा रंग क्षणाक्षणाला बदलत होता. मागे जात्याची घरघर. दिसायला ते सुरेख होते, यात शंका नाही, आणि ज्या तरुणांनी ते केले त्यांच्या मेहनतीला मी कमी लेखत नाही. बाहेरच्या फलकावर कलाकाराचे नाव होते, आज्ञावली लिहिणाऱ्याचे होते, ध्वनियोजना करणाऱ्याचे होते, देणगीदारांची चिन्हे होती. ओव्यांपुढे मात्र 'पारंपरिक, महाराष्ट्र' एवढेच. गाणाऱ्या बायकांची नावे कुठे आहेत, असे मी तिथल्या एका मुलाला विचारले. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, तक्त्यातला तो नावांचा स्तंभ आम्हाला लागत नव्हता, म्हणून डेटा क्लीन करताना काढून टाकला."

त्याने काही लपवले नाही, आणि त्याच्या दृष्टीने त्याचे चुकलेही नव्हते. विदा साफ करणे म्हणजे जे मोजायचे नाही ते काढून टाकणे, हे मीच माझ्या विद्यार्थ्यांना शिकवत आले. तेव्हा या सवयीचे मूळ आमच्या शास्त्रात आहे, हे कबूल करून तिथूनच पुढे जावे हे बरे. माणसांच्या माहितीतून नावे काढण्याला आमच्याकडे चांगले कारण आहे. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार प्रगणकाला घरात सांगितलेली माहिती गोपनीय राहते, ती व्यक्तीनिशी कुणालाही दाखवता येत नाही, आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. रुग्णालयातील नोंदींचेही तसेच. तिथे नाव झाकणे हा माणसाचा मान राखण्याचा मार्ग आहे, कारण तिथे माणूस मोजला जात असतो. ओवीच्या बाबतीत बाई मोजली जात नाही. तिने काही केले आहे, घडवले आहे, आणि त्याची नोंद होत आहे. चित्रावरची चित्रकाराची सही आपण गोपनीयतेच्या नावाखाली पुसत नाही. एकच कृती एका ठिकाणी सभ्यपणा ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी हडपणे ठरते. कोणत्या स्तंभात माणूस विषय म्हणून आला आहे आणि कोणत्या स्तंभात कर्ता म्हणून, हे पाहिल्याशिवाय हात लावू नये, एवढा धडा अभ्यासक्रमात घालायला हवा.

नावे राखून विदेतून कला होते का? होते, आणि त्याचे उत्तम उदाहरण न्यूयॉर्कमध्येच आहे, जे आपल्या लेखकाने घेतले असते तर बरे झाले असते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या स्मारकावर, दोन मोठ्या जलाशयांभोवतीच्या काशाच्या कठड्यावर, १९९३ च्या हल्ल्यातील सहाजणांसह २९८३ जणांची नावे कोरली आहेत. ती आद्याक्षरांनुसार लावली असती तर काम आठवड्याभरात झाले असते. स्मारकाचे वास्तुकार मायकेल अराद यांनी ठरवले की नावे नात्यांनी लावायची. मृतांच्या घरच्यांना विचारण्यात आले, तुमच्या माणसाशेजारी कुणाचे नाव असावे? बाराशेहून अधिक विनंत्या आल्या. कुणी एकाच कचेरीतले, कुणी एकाच विमानातले, कुणी भाऊ, कुणी जिवलग मित्र. एका नावाला चार शेजारी हवेत आणि त्या चौघांना आणखी निराळे शेजारी हवेत, असे ते कोडे होते. जेर थॉर्प या विदा-कलाकाराने त्यासाठी संगणकीय रीत रचली, आणि तिने काढलेल्या मांडणीवरून शेवटचा हात माणसांनी फिरवला. २०११ मध्ये ते स्मारक खुले झाले. तिथे जाणाऱ्या सामान्य माणसाला या गणिताचा पत्ताही लागत नाही. त्याला फक्त नावे दिसतात. मात्र ज्या बाईचा मुलगा त्यात आहे तिला त्याच्या शेजारी कोण आहे आणि का आहे हे ठाऊक असते. इथे गणिताने नावे गिळली नाहीत, त्यांना जागा शोधून दिली.

याच शहरातील आधुनिक कलेच्या संग्रहालयात २०२२ च्या अखेरीस रेफिक अनादोल यांची जी भव्य कलाकृती लागली, जिचे कौतुक आपल्या लेखात आहे, ती मला म्हणून कमी भावते. त्या संग्रहालयातील सुमारे दोनशे वर्षांच्या कलेची विदा यंत्राला पाजून त्यातून पडद्यावर अखंड लाटांसारखे आकार उठवलेले आहेत. पाहणारे तासन्‌तास समोर बसत असे वाचले, आणि बसत असतील. पण त्या लाटेत कुणाची रेघ होती, कुणाचा रंग होता, हे सांगायला तिथे काही उरत नाही. अर्थात त्या चित्रकारांची नावे संग्रहालयाच्या वरच्या मजल्यांवर भिंतीभिंतींना लावलेली आहेत, आणि संग्रहाची यादी नावांसह सर्वांना खुली आहे. त्यामुळे तिथे फारसे काही बिघडत नाही. ताडकळसच्या किंवा कोळवड्याच्या बाईसाठी वरचा मजला नाही. तिचे नाव त्या एका नोंदीत आहे, आणि तिथून ते गेले की गेलेच.

नावांची ही चाड मला परक्यांकडून उसनी आणायची नाही. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला, तेव्हा हालाच्या गाथासप्तशती या प्राकृत गाथांच्या संग्रहाचे नाव प्रत्येक भाषणात होते. एक कोटी गाथांतून सातशे निवडल्या, असे त्या संग्रहातली एक गाथाच सांगते. कोटीचा आकडा शब्दशः घ्यायचे कारण नाही, पण निवड आणि वर्गवारी करणारा एक संग्राहक दोन हजार वर्षांपूर्वी या मातीत होऊन गेला हे त्यातून दिसते. त्या गाथांच्या परंपरेत टीकाकारांनी कवींची नावे जपली, आणि त्यांत रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, रोहा, पहई अशी स्त्रियांची नावे आहेत. सगळी नावे सगळ्या हस्तलिखितांत सारखी नाहीत, कोणती गाथा कुणाची याबद्दल वाद आहेत, तरी ही नावे कुणी 'लागत नाहीत' म्हणून खरवडून काढली नाहीत. पुढे संतांनी तर नाव काढताच येऊ नये अशी सोय केली. 'नामयाची जनी' अभंगाच्या अंगातच आहे. ती काढली तर चरण मोडतो. जात्यावरची ओवी म्हणणारी मात्र ओवीत भावाचे नाव घालते, लेकाचे घालते, गावाचे, देवाचे घालते, स्वतःचे क्वचितच. विठ्ठल जनाबाईचे दळण दळायला येतो त्या कथेतली बाई आणि ही बाई एकाच जात्यावर बसलेल्या आहेत. एकीची नाममुद्रा उरली, दुसरीची उरली नव्हती. हेमाताईंच्या नोंदवहीने तिला ती दिली, असे मी समजते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो माझ्या एका विद्वान स्नेह्यांनी घेतलाही. त्यांचे म्हणणे असे, की ओवी ही कुणा एकीची नसते. ती आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे आणि शेजारणीकडे येते, तेव्हा तिला एका बाईचे नाव लावणे हीच मोठी चूक. या म्हणण्यात तथ्य आहे. गंगूबाईंनी गायलेली ओवी गंगूबाईंनीच रचली असे मीही म्हणणार नाही. पण ख्याल गाणाऱ्या गायकाने बंदिश रचलेली नसते, म्हणून त्याचे नाव तबकडीवरून कुणी काढत नाही. हजार ऐकलेल्या ओव्यांतून ही कोणती आठवली, कोणत्या ओवीला कोणती जोडली, कुठे शब्द बदलला, कुठे स्वतःच्या लेकाचे नाव घातले, हे त्या त्या बाईचे कर्तृत्व आहे, आणि ते नाव राखल्यानेच परंपरा एका बाईकडून दुसरीकडे कशी चालत गेली हे शोधता येते. परंपरा आहे असे म्हणायचे आणि तिच्या वाटेवरची माणसे पुसायची, तर मग परंपरा कुणाची?

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे आणि त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही. कित्येक ओव्यांत दारुड्या नवऱ्याची, मारहाणीची, सासूच्या छळाची, मूल नसल्याच्या टोमण्यांची गाऱ्हाणी आहेत. जात्यापाशी, पहाटे, फक्त बायकांत म्हटलेली ती गोष्ट. ध्वनिमुद्रकासमोर ती म्हणताना त्या बाईने होकार दिला, पण पंचवीस-तीस वर्षांनी ती आपल्या नातवाच्या हातातल्या मोबाइलवर नावगावासह वाजेल, हे तिला तेव्हा कुणी सांगू शकत नव्हते, कारण सांगणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते. अशा ठिकाणी 'पारी'च्या मंडळींनी जो मार्ग धरला तो मला योग्य वाटतो. ती मंडळी पुन्हा त्या गावांत गेली, हयात असलेल्या गायिकांना भेटली, गेलेल्यांच्या मुलासुनांना भेटली, फोटो काढले, पुन्हा ऐकले. एखादीने नाव नको म्हटले तर ते झाकावे. तो तिचा अधिकार. पण विचारणाराच कुणी नाही आणि झाकणारा मात्र तिऱ्हाईत, हे चालू नये.

यंत्राने ओव्या रचण्याचा जो नवा प्रकार निघाला आहे, त्यावर मी लांबण लावत नाही. कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनासाठी, निवडणुकीच्या प्रचारासाठी, साडीच्या दुकानाच्या जाहिरातीसाठी आता ओव्या मागवाल तितक्या मिळतात. छंद जमतो, यमक जुळते, 'पहिली माझी ओवी' म्हणून सुरुवातही बरोबर होते. पण तिच्या नोंदीत गाव कोणते लिहायचे? तो रकाना रिकामा राहतो, आणि तो रिकामाच दाखवावा, एवढा प्रामाणिकपणा पुरे.

काय करता येईल, याविषयी दोन गोष्टी. आपल्या कला महाविद्यालयांत विदा-कलेचे प्रकल्प हल्ली होतात. क्रिकेटच्या धावा, शेअर बाजार आणि हवेतील धूळ हे त्यांचे ठरलेले विषय. त्या मुलांना एकेक तालुका द्यावा, त्या तालुक्यातील ओव्यांच्या नोंदी द्याव्यात आणि अट एकच घालावी, की कलाकृतीतून गाणारीचे नाव आणि गाव गाळायचे नाही, ते कलाकृतीतच कसे आणायचे हाच प्रश्न सोडवायचा. अट अवघड असली की कल्पना चांगल्या सुचतात, हा अनुभव कलेतला आहे आणि गणितातलाही. दुसरे, शासनाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांत आणि पाठ्यपुस्तकांत जिथे ओवी घेतली जाते, तिथे संग्रह आणि गायिका यांचा उल्लेख सक्तीचा व्हावा. यासाठी निधी लागत नाही, समिती लागत नाही.

आणि एक विनंती आपल्याच वृत्तपत्राला. आषाढीच्या सुमारास आपल्या वारी विशेष पानांवर कडेच्या चौकटीत दरवर्षी पंढरीच्या ओव्या छापल्या जातात, आणि माझ्यासारखे अनेक वाचक त्या कापून ठेवतात. गेली काही वर्षे त्यांच्याखाली 'लोकगीत' असे छापलेले असते. त्यांतल्या निदान काही ओव्या वर सांगितलेल्या संग्रहात नावानिशी सापडतात, हे मी स्वतः ताडून पाहिले आहे. त्या चौकटीचा आकार मी मोजला; ओवीखाली बारीक टाइपात गाणारीचे नाव, गाव आणि तालुका छापायला अर्धी ओळ पुरते, आणि चौकट वाढवावी लागत नाही. येत्या आषाढीला आपण ती अर्धी ओळ द्यावी. कोणत्या ओव्यांच्या नोंदी सापडल्या त्याची यादी मी या पत्रासोबत वेगळ्या कागदावर जोडली आहे. आपल्या पुरवणी विभागाने ती एकदा मूळ संग्रहाशी पडताळून घ्यावी.

कळावे,

आपली नम्र,
संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
सातारा